झोळीतली मूठभर नागली

तुळसाताई,

तुला ‘अगं’ म्हणायला मला तू जाण्याची वाट बघावी लागली, याची आधी लाज वाटते. इतकी वर्षं तू सांगत होतीस, मॅडम, अहोजाहो नका करू, साहेब आल्यागत वाटतं. मी दर वेळी हसून बरं म्हणायचे आणि पुढच्याच वाक्याला ‘तुम्ही’वर यायचे. नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीची जीभ वयानं मोठ्या बाईला अगं म्हणायला वळत नव्हती. आज वळतेय, तर ऐकून घे.

तुझ्या अंगणवाडीची वर्षं, तुला मिळालेली प्रशस्तिपत्रं, हे सगळं तालुक्याच्या शोकसभेत बोलून झालं. मला बोलायचंय ते आपल्या परिषदेबद्दल. दहा-बारा वर्षं झाली, तरी तो दिवस आठवला की आधी डोळे मिटून घ्यावेसे वाटतात आणि लगेच हसू फुटतं.

मी तेव्हा नवी मुख्यसेविका होते. पेठच्या बाजूच्या अंगणवाड्यांवर देखरेख करायची, जीप मिळाली तर जीपनं, नाही तर एसटीनं आणि पुढे पायी. सगळीकडे रड एकच होती. वजनाचा काटा बाहेर काढला की आया पोरांना घेऊन रानात पसार. तो आपला घड्याळासारखा गोल काटा, वर फांदीला अडकवलेला, खाली कापडी झोळी. त्यात मूल बसवायचं म्हणजे त्याला नजर लागणार, ही सगळ्यांची खात्री. फक्त तुझ्या पाड्यावर वजनाच्या दिवशी रांग लागायची. तुझ्या वहीत एकही महिना कोरा नव्हता, एकही मूल सुटलेलं नव्हतं. मी तर हरखूनच गेले होते.

अशात नाशिकला सार्वजनिक आरोग्य आणि पोषणावर परिषद भरणार असल्याचं कळलं. मी तुझ्या वहीवरून निबंध लिहिला. लेखिका म्हणून माझं नाव आणि त्याखाली तुझं. निबंध वाचायला बोलावल्याचं पत्र आलं तेव्हा ते दाखवायला मी भर उन्हात पाड्यापर्यंत चढून आले होते, आठवतं? तू पत्र उलटंसुलटं करून पाहिलंस, आपल्या नावावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, ‘माझं नाव कशापायी? मी तं नुसती पोरं टांगली.’ मग आपण दोघी इतक्या हसलो की तुझा नवरा काय झालं म्हणून बाहेर आला.

परिषदेच्या आदल्या दिवशी तू पेठहून एसटीनं आलीस. मी सीबीएसच्या एसटी स्थानकावर तुला आमच्या घरी न्यायला आले होते. सभागृहात प्रत्यक्ष दाखवायला काटा आणायचा ठरलं होतं आणि तू तो गोणपाटाच्या पिशवीत घालून मांडीवर धरून आणलास, कारण खाली ठेवला तर दणके बसून काटा बिघडेल. सिटी बसमध्येही तो मांडीवरच. पिशवीत काय आहे, असं कंडक्टरनं विचारलं तेव्हा तू शांतपणे सांगितलंस, पोरं तोलायचा काटा हाय, त्याला तिकीट लागंल का? आख्खी बस वळून आपल्याकडे बघत होती. मला त्या दिवशी कशाचीच लाज वाटत नव्हती, इतकी मी आनंदात होते.

मग ती सकाळ उजाडली.

माझी धाकटी बहीण तिच्या सात महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. तुला बाळाला खेळवायचा सोस. काटा प्रवासात बिघडला नाही ना, ते बघू म्हणून तू तो झोपाळ्याच्या कडीला अडकवलास आणि आईला म्हणालीस, काकू, मूठभर नागली द्या. आईकडे नागली, म्हणजे नाचणी, कुठली असणार? तिनं ज्वारी दिली. तू ती फडक्याच्या तुकड्यात बांधलीस, पुरचुंडी झोळीत ठेवलीस आणि वर माझ्या भाचीला बसवलंस. काटा थरथरून थांबला. तू मोठ्यानं आकडा वाचलास.

मी चहाचा कप हातात घेऊन उभी होते. पुरचुंडी काढायची राहिली का, असं मी सहज विचारलं.

‘काढायची कशाला?’ तू म्हणालीस. ‘आमच्याकडं पोराला एकटं तोलत नाय. त्याच्याच घरचं दाणं घालायचं झोळीत. तोलतो ते दाणं, पोर आपलं वरती बसलेलं. नजर लागली तं दाण्याला लागंल.’

‘आणि वहीत काय लिहिता?’

‘काटा दावतो तेच लिवते. तुम्हीच सांगितलेलं, मनाचं काय लिवायचं नाय.’

मी चहाचा कप तिथेच खाली ठेवला. दीड वर्षाची वजनं. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक आकड्यात मूठभर नागली. ज्या रांगेवर मी भाळले होते, ती रांगच त्या पुरचुंडीमुळे लागत होती. आणि दुपारी जेवणानंतर मला निबंधातला तो वजनांचा तक्ता शंभर-दीडशे जाणकारांसमोर वाचायचा होता.

तुला आधी त्यात बिघडलं काय तेच कळेना. तुझं म्हणणं, दाणे ज्याच्या त्याच्या घरचे, पण मूठ दर वेळी तुझी. दर महिन्याला तेवढंच वाढतं, मग पोर किती वाढलं ते तर खरंच निघतं. आणि त्यात तुझं काही चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण प्रश्न वाढीचा नव्हता, श्रेणीचा होता. वजनावरून मुलाची श्रेणी ठरायची आणि खालच्या श्रेणीतल्या मुलाला अंगणवाडीत दुप्पट आहार मिळायचा. एखादं मूल दोन श्रेणींमधल्या रेषेच्या जरासं वर असलं तर त्याला नेहमीएवढाच.

आपण जमिनीवर तक्ता पसरून बसलो. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुझ्या चार-पाच मुठी तोलून पाहिल्या. मी पेन्सिलीनं एकेक आकडा कमी करत गेले. तक्त्यात नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, पण तुला क्रमांकावरून मूल ओळखता येत होतं. हा सोमाचा, ही आमच्या शेजारची, असं तू उत्साहानं सांगत होतीस. मग एका आकड्यावर तुझं बोट थांबलं. मूठ काढल्यावर ते मूल रेषेच्या खाली गेलं होतं.

‘ही देवक्याची मंगली,’ तू म्हणालीस. ‘हिची आई दर टायमाला इचारायची, बाई, माझ्या पोरीला दुप्पट का नाय? मी तिला काटा दावायची.’

तुझा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

मग आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही असं मी धरून चालते. मी म्हटलं, आपण कमी केलेले आकडे वाचू, कोणाला कळणार आहे? तू म्हणालीस, ‘वजा करून सांगा, पण वजा केलं हे बी सांगा.’ मी म्हटलं, माझी नोकरी अजून पक्की नाही, पुढच्या रांगेत आपले प्रकल्प अधिकारी साहेब बसणार आहेत. तू म्हणालीस, मग मी सांगते. मी म्हटलं, तुमचं मानधन बंद होईल, तेव्हा तुम्ही गप्प बसा. गप्प बसा! आमच्या घरी पाहुणी म्हणून उतरलेल्या बाईला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दोघींकडे बघून परत आत गेली.

आपण रिक्षानं निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे ट्रक आडवे-तिडवे लागले होते आणि रिक्षा हलत नव्हती. तू काटा मांडीवर धरून बाहेर बघत होतीस. मग एवढंच विचारलंस, मंगलीला दुप्पट कधीपासून देता येईल? मी म्हटलं, परत वजन झालं की.

पण गंमत बघ. सभागृहाच्या दारात आपल्याला बिल्ले मिळाले, खांद्याला अडकवायच्या कापडी पिशव्या मिळाल्या, त्यात वही, पेन आणि कार्यक्रमाची पुस्तिका, आणि आपण दोघीही भांडण विसरल्यासारख्या झालो. तू पुस्तिकेत आपलं नाव शोधलंस आणि सापडल्यावर ते पान मला तीन वेळा दाखवलंस. मीही तीन वेळा पाहिलं. कुठून कुठून माणसं आली होती! डॉक्टर, प्राध्यापक, संस्थांचे कार्यकर्ते, झगमगीत फलक, पडद्यावर पडणारे आलेख. इंग्रजीतलं भाषण तुला समजत नव्हतं, पण आलेखाची रेघ वर गेली की तू खूश व्हायचीस आणि खाली आली की मला कोपरानं ढोसून विचारायचीस, कुठली पोरं ही? बाहेर कॉलेजच्या मुलींनी नागलीच्या बिस्किटांचा स्टॉल मांडला होता. तू एक चाखलंस, पुरतं चावलंस आणि त्या मुलींना निकाल दिलास, नागली कमी, साखर जादा. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. मी तुझ्या शेजारी उभी राहून अभिमानानं फुगले होते. इतकी मोठी माणसं एकाच गोष्टीचा विचार करतायत, आणि त्यात आपणही आहोत, याचं मला भरतं आलं होतं.

जेवणानंतर आपला नंबर लागला. सभागृह अर्धं पेंगत होतं. मी पारदर्शक कागदावरचे आकडे ओल्या बोटानं पुसून स्केचपेननं नवे लिहिले होते, ते प्रोजेक्टरवर थोडे फिसकटलेले दिसत होते. अध्यक्षस्थानी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. मी नीट वाचलं. कमी केलेले आकडे वाचले, नियमित वजनांचं महत्त्व सांगितलं आणि पुरचुंडीचा एक शब्दही न काढता धन्यवाद म्हटलं. टाळ्या पडल्या. मी तुझ्याकडे बघितलं नाही.

तू उठलीस. काटा हातात घेऊन पायऱ्या चढून वर आलीस. माईक कसा धरायचा ते तुला माहीत नव्हतं म्हणून तू तो धरलाच नाहीस. रानात हाक मारायची सवय असलेला तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

‘मॅडमनी आकडं वजा करून सांगितलं. कशातनं वजा केलं ते राह्यलं.’

आणि तू सगळं सांगितलंस. दाणे, मूठ, नजर, वही. मंगलीचं नाव न घेता मंगलीचंही सांगितलंस. शेवटी म्हणालीस, ‘चूक माझी हाय. मॅडमला म्हायती नव्हतं.’

तुळसाताई, मला माहीत होतं.

मी तुझ्या पाड्यावर पहिल्यांदा आले, तेव्हा जांभळाच्या झाडाला काटा टांगलेला होता. एका मुलाला उचलल्यावर झोळीत काहीतरी राहिलेलं दिसलं म्हणून मी हात घालून पुरचुंडी बाहेर काढली. नाकाशी धरली. हळदीचा आणि धान्याच्या भुशाचा वास आला. हे मुलाबरोबर तोललं गेलं, हे कळायला शिक्षणही लागत नाही. पण खाली जीपचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, मला आणखी दोन पाडे गाठायचे होते. मी पुरचुंडी परत झोळीत ठेवली आणि वहीवर सही करून निघाले. वजनाच्या दिवशी पुन्हा कधी तुझ्याकडे आले नाही, महिनाअखेरीला वही तेवढी बघायचे. ती पुरचुंडी मी विसरले, किंवा विसरायचं ठरवलं. त्या सकाळी तू माझ्या आईकडे नागली मागितलीस तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हळदीचा वास.

व्यासपीठावर मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. एक वाक्य पुरेसं होतं. मी प्रोजेक्टरकडे बघत उभी राहिले.

पुढचं मात्र आपल्या दोघींनाही स्वप्नात सुचलं नसतं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, पुरचुंडी घातली नाही तर किती आया मुलं आणतील? तू मनातल्या मनात पाडा फिरून आलीस आणि म्हणालीस, ‘दोन. त्यातली एक माझी सून.’ सभागृह हसलं आणि जागं झालं. मागून कोणीतरी विचारलं, तोललेल्या नागलीचं पुढे काय करता? तू म्हणालीस, ‘घरी परत न्यायची नसती. त्याच दिवशी पेज करून पोरांना घालतो. म्हंजी सांजच्याला ते वजन खरंच व्हतं की.’

काय टाळ्या पडल्या गं! आणि मग बांध फुटल्यासारखी माणसं उठायला लागली. एक परिचारिका म्हणाली, आमच्याकडे आया चांदीचे वाळे काढू देत नाहीत, आम्ही तसंच तोलतो. एक डॉक्टर म्हणाले, आम्ही हिवाळ्यात स्वेटरसकट तोलतो आणि कुठे लिहीत नाही. ज्याला त्याला आपापली पुरचुंडी आठवली. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, यावर उपाय काय? तूच काटा वर धरलास आणि माझ्याकडे वळलीस. याच्या डोक्यावर हा खिळा कशाला असतो, मॅडम? तो शून्य जुळवायचा स्क्रू होता. मग तू म्हणालीस, दाणं आधी टाकू, काटा शून्यावर आणू, मग पोर. मी तो स्क्रू फिरवून दाखवला. चहा थंड झाला, पुढच्या वक्त्याची वेळ निघून गेली आणि कोणी तक्रार केली नाही.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या आठवड्यात तुला खुलासा मागणारं पत्र पाठवलं. फक्त तुला. मॅडमला माहीत नव्हतं, असं तूच सगळ्यांसमोर सांगितलं होतंस ना. तू एका ओळीत खुलासा लिहिलास, चूक झाली, सुधारली, वजनं परत घेतली. पत्र दप्तरी लागलं, मानधन चालू राहिलं. मंगलीला दुप्पट आहार त्याच महिन्यापासून सुरू झाला. आता ती आश्रमशाळेत आहे आणि परवा तुझ्या दहाव्याला आली होती. उंच झालीय. मी तिच्याकडे बघत राहिले तर लाजून आईच्या मागे गेली.

पुढे आजूबाजूच्या पाड्यांवरही तुझी रीत गेली आणि काटा बघून पळणाऱ्या आया पुरचुंड्या बांधून यायला लागल्या. मी दर वर्षी तुझ्याशी वाद घालायचे, आता तरी हे बंद करा, लोकांना समजावून सांगा. तू म्हणायचीस, दाण्यानं काय घोडं मारलंय तुमचं? मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. पण पुरचुंडीवर वाद घालताना माझ्या मनात दुसरंच वाक्य असायचं आणि ते ओठावर यायचं नाही. एकदा तुझ्या ओट्यावर पेज पिताना अगदी आलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, मॅडम, आणखी घ्या, आणि मी वाटी पुढे केली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वजनं होती, म्हणून मी थांबले. तुझी सून इंदू आता अंगणवाडी बघते. तुझ्यासारखीच पदर खोचून उभी होती. जांभळाला काटा टांगला, पुरचुंडी टाकली, काटा शून्यावर आणला, मग पोर. एकामागून एक. मी शेजारी वही धरून बसले होते, डोळे सारखे भरून येत होते आणि आकडे दिसत नव्हते. इंदूला वाटलं की मला नुसतं तुझंच दुःख झालंय. ती समजूत काढल्यासारखं म्हणाली, ‘आत्या तुमचं लय सांगायच्या, मॅडम. तुमच्या आधीच्या बाईनं पुरचुंडी पायली की वढ्यात फेकायची, आयांना बोलायची. तुम्ही पयल्या दिवशी हातात घेतली, वास घेतला, जिथल्या तिथं ठिवली. आत्या म्हणायच्या, ही बाई आपल्या रीतीला मान देते. म्हणून तं त्या तुमच्यासंगं नाशिकला आल्या. नाय तं त्या कुठं जायच्या?’

म्हणजे तू पाहिलं होतंस. व्यासपीठावर उभी राहून ‘मॅडमला म्हायती नव्हतं’ म्हणालीस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. आणि तू ते बारा वर्षं मनात ठेवून मला पेज वाढत राहिलीस. माझ्यावर इतका जीव लावलास, मी काहीही न करता. मी इंदूसमोर रडले. तिनं पाणी दिलं आणि पुढचं पोर झोळीत बसवलं.

पण अगं, ज्यासाठी तू मला जवळ केलंस ते माझ्यात नव्हतं. मी रीतीला मान दिला नव्हता. खाली हॉर्न वाजत होता आणि मी घाईत होते, एवढंच. तू मला तोललंस त्या दिवशी झोळीत तुझ्याच घरचं मूठभर जास्तीचं होतं. ते वजा कर. मग जे उरेल ते तुझ्या वहीत लिही, आणि वजा केलं हे मी सांगितलं, असंही लिही.